ठाण्यापुढची खुर्ची

— तं हरवला म्हणा, भाऊ, चोरला म्हणू नका. मी आपलं सांगून ठेवतो, पुढं तुमची मर्जी. चोरला म्हणलं का त्यायले चोर शोधा लागते, अन् हरवला म्हणलं का तुमालेच मोबाईल शोधा लागते — तं त्यायले हे दुसरं बरं वाटते. बसा ना, बसा इकडे. तक्रार लिहिणारा मुन्शी जेवाले गेला, येईन. लाखांदूरच्या गाडीत गेला म्हणता? त्या गाडीवर मी अर्धा जन्म काढला — कंडक्टर होतो एस.टी.त, डोमा मेश्राम, आता घरीच असतो. मी? नाई गा, मी तक्रार द्याले नाई आलो. मले बोलावलं आहे. चांगलं मानानं बोलावलं — सकाळी हवालदार दारात, म्हणे डोमाजी, साहेबानं आठवण केली, चहा प्याले चला. तवापासून बसलो आहो. चहा यायचाच आहे. कायच्यासाठी म्हणता? फुटपाथ अडवला म्हणून. आमच्या घरच्यायनं पोलीस ठाण्यापुढचा फुटपाथ अडवला. हसू नका, भाऊ, मले बी हसू आलतं, पण इथं बसून हसणं बरं दिसत नाई.

तुमी आले तं फुटपाथवरून आले का रस्त्यावरून? रस्त्यावरून. फुटपाथ दिसलाच नसन तुमाले. कसा दिसन — आहे ना, खाली आहे, गाड्यायच्या खाली. लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू बसवले आहेत, दोन्ही बाजूनं पाइपाचे कठडे, फीत कापली तवा मोठमोठे लोक आलते, भाषण झालं, म्हणे पायी चालणाऱ्या शेवटच्या माणसाचा विचार केला आम्ही. शेवटच्या माणसानं टाळ्या वाजवल्या — मी होतो ना तिथं. अन् दुसऱ्या दिवशी ठाण्याची जीप चढली. मंग मोठी व्हॅन चढली. मंग रेतीचा ट्रॅक्टर जप्त झाला, त्याले ठेवाले जागा पाहिजे, तोही चढला — तो अजून आहे, त्याच्या चाकावरून दोडक्याचा वेल गेला, मागच्या साली दोडके लागले, आता ते दोडके जप्तीत धरायचे का नाई हे कोणी सांगत नाई. आमचा भंडारा अन् गोंदिया वेगळा झाला तवा लोक म्हणे, जिल्हा लहान झाला, आता साहेब लोक जनतेच्या जवळ येतीन. आले ना. पार फुटपाथपर्यंत आले.

अन् जागा नाई असं नाई, बरं. तहसीलच्या मागं एवढं मोठं मैदान पडलं आहे, बकऱ्या चरतात. पण तिथून ठाण्यात याले चालत या लागते, अन् चालणं काही गाडीवाल्याच्या नशिबी नाई, ते आपल्यासारख्यासाठी. तिथंच, ठाण्याच्या फाटकापाशी, रत्नाबाईचा केळीचा ठेला राहे. बाई विधवा, त्या ठेल्यावर तिनं पोरगा वाढवला. तं एक दिवस अतिक्रमण हटाव आलं — म्हणे बाई, तुमच्या ठेल्यानं लोकायले चालाले त्रास होऊन राहिला. उचलला ठेला. त्याच जागेवर जीप लावली. म्हणजे लोकायचा त्रास मिटला. अन् गंमत सांगू का, त्या जीपवर ड्रायव्हर कोण? रत्नाबाईचाच पोरगा, अश्वजित. भरतीसाठी पहाटे पहाटे या रोडनं धावे, आमच्या मोहल्ल्यातला पहिला पोलीस — आमी पेढे वाटले होते. मायचा ठेला उचलून राहिले अन् तो स्टीअरिंग धरून समोर पाहून राहिला. काय करन? नोकरी आहे.

हो, सांगतो ना, आमच्याकडचंच सांगून राहिलो. आमची मंगला, बायको माही, अंगणवाडीत आहे. सारं गाव तिले बाई म्हणते, मी बी आता बाईच म्हणतो, सवय झाली. तं ती रोज सकाळी मोहल्ल्यातले लहान लहान पोरं गोळा करते अन् रांगेनं अंगणवाडीत नेते — पहिल्या पोरानं तिच्या लुगड्याचा काठ धरायचा, दुसऱ्यानं पहिल्याचा सदरा, असं. आगगाडी म्हणतात पोरं तिले. अन् अंगणवाडी ठाण्याच्या तिकडच्या बाजूले. आता फुटपाथवर पोलीस, तं आगगाडी रस्त्यावरून. एका बाजूनं टिप्पर, एका बाजूनं व्हॅन, मधातून ही पोरं घेऊन. ती साहेबाले दोनदा सांगून गेली होती, बरं — साहेब, गाड्या जरा तिकडे लावा, लेकरं आहेत. साहेब चांगला माणूस, पुण्याकडचा, बोलते गोड. म्हणे, "हो हो, मॅडम, बघू आपण." अन् पाहिलं त्यानं. खिडकीतून रोज पाहे.

मंग पोळ्याच्या आधीची गोष्ट. ही पोरं घेऊन व्हॅनच्या मागून निघाली, अन् गाडी — एक गाडी आली अन् लागली. हिनं पोरायले ढकललं, पोरं गेले नालीकडे, खरचटलं एकदोघायले, बस. पण हिचा पाय सापडला. नळीचं हाड, दोन जागी. भंडाऱ्याले नेलं, सळई टाकली, पलस्तर आहे अजून. कोणती गाडी म्हणता? अज्ञात. अज्ञात वाहन, तसंच लिहिलं आहे कागदावर. इथंच, ठाण्याच्या फाटकासमोर, साऱ्या पोलिसायच्या डोळ्यादेखत एक वाहन आलं अन् अज्ञात राहिलं. कॅमेरा आहे ना, तो पाहा वरती, तुमच्या डोक्यावरच आहे. चालू असते. फक्त त्या दिवशी बंद होता. मोतीबिंदू त्याले बी होत असन.

मंग मी फिरलो. म्हणलं, पायाचं जाऊ द्या, पण गाड्या तं हटवा, उद्या लेकरू जाईन. इथं आलो तं साहेब म्हणे, "फुटपाथ नगरपंचायतीचा आहे, त्यांना विचारा." नगरपंचायतीत गेलो तं तो बाबू म्हणे, फुटपाथ आमचा पण गाड्या गृहखात्याच्या, आमी कसा हात लावावा. म्हणे बांधकामवाल्यायले विचारा, रस्ता त्यायचा. बांधकामवाला म्हणे, रस्ता आमचा आहे पण डांबरापर्यंत, गट्टू आमच्यात येत नाई. मी म्हणलं, साहेब, गट्टू त्यायचा, गाडी यायची, डांबर तुमचं — अन् पाय? पाय कोणाचा? तो म्हणे तुमी शांत व्हा, पाणी प्या. पाण्याचं बाकी मानलं पाहिजे, साऱ्या ऑफिसात थंड पाणी आहे.

मी घरी येऊन सांगतलं, झालं आता, सोड. ती म्हणे, जेवून घ्या. तिचं असं जेवून घ्या म्हणणं मले माहीत आहे, भाऊ, संसार केला आहे मी तिच्यासंगं. दुसऱ्या दिवशी म्हणे, खुर्ची घ्या, अन् मले रत्नाबाईच्या घरापर्यंत सोडून द्या. मले वाटलं मैत्रीण आहे, घर ठाण्याच्या मागंच, बसन बोलत, मन रमन. मी ऑटो केला, सोडली, बाजारात गेलो. अन् वापस येतो तं काय — ठाण्यापुढं ही गर्दी. ते फाटकापाशी फुटपाथवर चढाले उतार केला नाई का सिमेंटचा, ज्याच्यावरून गाड्या चढतात — जीप गस्तीवर गेली होती, तं हिनं बरोब्बर त्या उतारावर खुर्ची मांडली. पलस्तरचा पाय समोर स्टुलावर. बाजूले वॉकर. मांडीवर सुपात तांदूळ, खडे वेचून राहिली. जसं घरच्या अंगणात बसली आहे.

जीप आली. चालवते कोण, अश्वजित. हॉर्न वाजवला. हिनं वरतं पाहिलं, म्हणे, अश्वजित, लेकरा, बाईले हॉर्न वाजवते का? त्यानं गाडी बंद केली. भाऊ, तो तिच्या अंगणवाडीतला पोरगा आहे, तिनंच त्याले बोट धरून अ आ इ शिकवलं, नाक पुसलं, तो काय हॉर्न वाजवन. साहेब मागच्या सीटवरून उतरला. म्हणे, "मॅडम, हे काय?" ही म्हणे, साहेब, पायी चालणाऱ्यासाठी जागा आहे ना ही, माहा पाय चालत नाई, मी थोडी दम घेऊन राहिली. "किती वेळ?" तं म्हणे, पाय जुळेपर्यंत. आता साहेब काय करन — लेडीज पोलीस बोलावून पलस्तरवाल्या बाईले उचलन, तं चार पोरं मोबाईल घेऊन उभेच होते. मंग जीप रस्त्यावर उभी राहिली. तं ट्रॅफिक जाम झाली. तं साहेबानं तिथं एक शिपाई उभा केला, ट्रॅफिक काढाले. ठाण्यापुढं पोलीस ट्रॅफिक सांभाळून राहिले, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं.

तवापासून रोज सुरू आहे. सकाळी अंगणवाडीच्या वेळेले जाते, पोरायची आगगाडी मदतनीस बाई घेऊन येते, ती खुर्चीमागून निघते अन् पोरं हिले नमस्ते करतात. म्हाताऱ्या बाया बँकेत जाता जाता तिच्यापाशी बसतात. रत्नाबाई डोक्यावर टोपलं घेऊन येते, केळी देते, बसते. मी? मी नाई बसत. मी डबा पोचवतो. नाई, मी — काय आहे, भाऊ, मी गेलो एक दिवस, तं साहेबानं खांद्यावर हात ठेवला. लय प्रेमानं. म्हणे, "डोमाजी, तुमचा मुलगा रेल्वेत लागतोय ना? चारित्र्य पडताळणी आमच्याकडेच आलीय." बस. एवढंच बोलला. मले विचाराल तं धमकी नाई दिली, माहिती दिली.

संघपाल, आमचा पोरगा. तीन परीक्षा देऊन आता नंबर लागला. वय निघून चाललं होतं त्याचं. आता तुमी सांगा, मी काय करावं? बापानं काय करावं? आज सकाळी बोलावलं तं साहेब सरळ म्हणे, दुपारी भंडाऱ्याहून मोठे साहेब येणार आहेत तपासणीले, त्याच्या आधी खुर्ची उठली पाहिजे, नाई तं शासकीय कामात अडथळा लावतो, तुमच्यावर लावतो, त्यांच्यावर नाही. अन् मी म्हणलं — हो साहेब. उठवतो. असं तोंडातून निघालं. तुमाले म्हणून सांगतो, मी काही फार हिमतीचा माणूस नाई. गाडीत दारुडा चढला का मी ड्रायव्हरले पुढं करो.

मंग फोन लावला तिले, इथूनच, ह्याच बाकावरून. म्हणलं, ऊठ आता, संघपालचं पाहा. तं म्हणे, आपल्या पोराचं चारित्र्य त्या साहेबापाशी ठेवलं आहे का? मी म्हणलं कागदावर तर तोच लिहिणार ना. म्हणे, लिहू द्या त्याले, काय लिहिते ते मी बी वाचीन. अन् म्हणे तुमी जेवले का. बाई अशी आहे. मी फोन ठेवला. साहेबाले काही सांगतलं नाई अजून. काय सांगू? म्हणून तं तुमच्यासंगं बोलत बसलो.

अं? हो, तेच तं मी बी म्हणतो. सारं गाव म्हणते — एवढी हिमतीची बाई, मंग गाडीचा नंबर काहून नाई सांगतला, पाहिला तं असनच. पाहिला ना. नंबर कायले, चालवणारा पाहिला तिनं. मी दवाखान्यात तेच म्हणलं, नाव घे, मी लिहून देतो, साहेबाची बदली करून टाकतो. तं म्हणे, साहेबाची नाई होणार. तो व्हॅनमधी नव्हता. तो खिडकीत होता. चौकशी बसन, अन् म्हणतीन दोषीवर कारवाई केली — पोराले सस्पेंड करतीन, रत्नाबाईचा ठेला अगोदरच गेला, आता पोरगा बी जाईन, अन् उद्या दुसरा ड्रायव्हर त्याच व्हॅनले त्याच फुटपाथवरून तसाच मागं घेईन. त्या दिवशी त्याले जीप सोडून व्हॅनवर बसवलं, अन् कोणी मागं उभं राहून सांगणारा बी दिला नव्हता, आरशात लेकरू दिसत नाई एवढं. तिले उचलून त्यानंच तं नेलं, त्याच व्हॅनमधी, सारा रस्ता बाई बाई करून रडला. ठाण्यात वापस आला तं कागद तयार होता, अज्ञात वाहन. त्याले म्हणे सही कर अन् तोंड बंद ठेव. त्याले वाटते साहेबानं आपल्याले वाचवलं. साहेबानं आपला फुटपाथ वाचवला, लेका —

काय बोललो मी?

नाई. नाई, भाऊ. तुमी मोबाईलसाठी आले ना? मोबाईलचंच पाहा. मी म्हातारा माणूस, सकाळपासून पोटात काही नाई, तोंडाले येईन ते बोलतो. कोणाचं नाव घेतलं का मी? घेतलं असन तं ते दुसऱ्या गोष्टीत घेतलं. मंगलानं मले वचन मागितलं होतं दवाखान्यात, ऑपरेशनले नेऊन राहिले तवा, स्ट्रेचरवरून. लाखांदूरले जाऊन तुमी काही बोलणार नाई, हो ना? तुमचा चेहरा चांगला वाटला मले, म्हणून — अन् त्या पोराची चूक नाई असं मी नाई म्हणत, बरं. मले त्याचा राग येते. रात्री तिचा पाय ठणकते अन् ती उशी तोंडात धरते, तवा येते. पण तो रोज आपली ड्युटी संपली का घरी येते, दारातच उभा राहते, आत येत नाई. ती म्हणते, ये, चहा घे. तो उभाच. आता अशाले काय करता तुमी?

थांबा. आवाज आला का? जीप सुरू झाली ना? हो, तीच. पाहा, शिपाई धावून राहिले. मोठे साहेब निघाले असतीन भंडाऱ्याहून, अड्याळच्या पुढं आले असतीन. अरे — तिकडच्या टोकाचा कठडा उचलून व्हॅन बी काढून राहिले. ट्रॅक्टरले दोर बांधला. दोडक्याचा वेल तुटला, अरेरे. तिकडे नेऊन राहिले, मैदानाकडे. म्हणजे मैदान होतं. आज सापडलं. मी म्हणलं नाई का, साहेब चांगला माणूस, मनात आणलं का एका घंट्यात होते. उद्या? उद्या मोठे साहेब गेले का येतीनच गाड्या, त्याची काळजी नका करू. अन् आता साहेब मले म्हणन, डोमाजी, शब्द पाळला तुम्ही. मी काही केलं नाई, पण मी बी हो म्हणन. संघपालच्या कागदावर काय लिहीन तो लिहीन, मले नाई माहीत, मले भेव वाटते, खोटं कायले बोलू.

व्हॅन हटली. आता दिसते पाहा, ती खुर्ची. सकाळपासून व्हॅनच्या खालून फक्त पलस्तर दिसे मले, पांढरं. तांदूळ बाजूले ठेवला. वॉकर घेतला. कोणी उठवलं नाई, बरं का, आपली आपण उठली. अश्वजित उतरला — नाई, तो हात नाई लावत तिले, खुर्ची उचलली त्यानं, मागं उभा आहे. टोपी काढली. ती घराकडे नाई येत, तिकडे चालली, फुटपाथनं, अंगणवाडीकडे. पूर्ण मोकळा आहे. अवो, गट्टू उखडले आहेत तिथं, जपून — आयकणार नाई. पोलिसायच्या खिडकीसमोरून चालली. पोळ्याच्या आधीपासून पहिल्यांदा —

भाऊ, तुमी जरा बाजूले सरका ना. दिसून नाई राहिलं मले.